अधिक महिना, नवी वेबसाइट आणि ३८ टक्के

नवी वेबसाइट आल्यापासून ऑनलाइन विक्री ३८ टक्क्यांनी वाढली, असं वेबसाइट करून देणाऱ्या एजन्सीचं म्हणणं. दुकानाचे हिशेब बघणाऱ्या काकांचं म्हणणं, विक्री पडली; गेल्या वर्षीचा ऑक्टोबर आणि यंदाचा ऑक्टोबर शेजारी ठेवा, आंधळ्यालाही दिसेल. दोघांकडे आकडे एकाच दुकानाचे, आणि बेरीज दोघांचीही बरोबर.

दुकान माझ्या मावसभावाचं, नाशिकला. येवल्याची पैठणी, इरकल, नारायणपेठी, खण. २०२३ च्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात दादाने जुनी वेबसाइट बंद करून नवी सुरू केली. एजन्सीचा शेवटचा हप्ता ‘सहा महिन्यांत विक्री वाढल्यास’ द्यायचा, असं करारात एका ओळीत लिहिलेलं होतं. किती वाढल्यास, कशाच्या तुलनेत, कुठली रक्कम धरून, यातलं काही नाही. जानेवारी २०२४ मध्ये एजन्सीचं बिल आलं, सोबत रंगीत आलेखांचं प्रेझेंटेशन आलं आणि पाठोपाठ दादाचा मला फोन. ‘तू त्या गोळ्यांच्या कंपनीत हेच करतेस ना? मग सांग, वेबसाइटमुळे वाढली की नाही वाढली.’

मी पुण्यात एका औषध कंपनीत नव्या औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासते. तिथे शिस्त अशी, की कशाची तुलना कशाशी करायची, काय वगळायचं, कुठलं गणित लावायचं हे आकडे उघडण्याआधी लिहून त्यावर सह्या होतात. इथे आकडे सगळ्यांनी आधीच उघडून पाहिले होते, आणि ज्याला जो महिना सोयीचा वाटला तो त्याने उचलला होता. १९३८ साली कोलकात्यात भरलेल्या पहिल्या भारतीय सांख्यिकी परिषदेत ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर म्हणाले होते, की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला सांगण्यासारखं आहे. फार तर प्रयोग कशाने मेला एवढं तो सांगेल. दादाला मी हे ऐकवलं. तो म्हणाला, ‘मग तेवढं सांग.’

सुरुवात ‘विक्री’ म्हणजे नक्की काय, इथून करावी लागली. एजन्सीच्या डॅशबोर्डवर ग्राहकाने ऑर्डर दिली की ती विक्री. पण साड्यांच्या धंद्यात कॅश ऑन डिलिव्हरी मोठी. पार्सल दारात जातं, बाई घरी नसतात, फोन उचलत नाहीत, किंवा नवऱ्याने दारातूनच ‘नको’ म्हणून सांगितलेलं असतं. पार्सल आठ-दहा दिवसांनी नाशिकला परत येतं. कुरियरवाला जाण्याचेही पैसे घेतो आणि येण्याचेही. वहिनीकडे या परत आलेल्या पार्सलांची एक जाडजूड वही होती, तारीख, गाव आणि शेवटी एक शेरा: ‘पत्ता चूक’, ‘रंग वेगळा वाटला’, ‘लग्न मोडलं’. ती वही कुरियरच्या फाइलशी आणि पेमेंट गेटवेच्या फाइलशी जुळवली. जीएसटी वगळून, परत आलेलं वजा करून, दुकानाच्या खात्यात खरोखर जमा झालेली रक्कम तेवढी विक्री, असं ठरवलं. हे ठरवताना निकाल कुठल्या बाजूला झुकतोय हे मी पाहिलं नव्हतं, आणि हा निर्णय दादा, काका आणि एजन्सीचा माणूस या तिघांना मेलवर आधी कळवला. नुसत्या या एका निर्णयाने ३८ चे ३० टक्के झाले.

वेबसाइटवर किती लोक येतात त्याचा आलेख मी बाजूलाच ठेवला. गुगलने आपली जुनी मोजणी, युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स, १ जुलै २०२३ पासून बंद केली आणि बहुतेकांना तिच्या नव्या आवृत्तीवर, जीए-४ वर, जावं लागलं. दोन्हींत भेट मोजायची पद्धत वेगळी आहे. म्हणजे वेबसाइट बदलली त्याच आठवड्यात तराजूही बदलला होता. प्रेझेंटेशनमधला सगळ्यात सुंदर आलेख नेमका तोच होता.

मग कॅलेंडर. एजन्सीने जुलै ते डिसेंबरची तुलना जानेवारी ते जूनशी केली होती. मराठी घरात साडी कधी घेतली जाते हे ज्याला माहीत आहे, त्याला यातली गंमत सांगावी लागणार नाही. गौरी-गणपती, नवरात्र, दसरा, दिवाळी सगळं दुसऱ्या सहामाहीत. वेबसाइट न बदलताही ती सहामाही जड भरली असती.

काकांचं गणित वरवर जास्त शहाणं होतं, कारण त्यांनी तोच महिना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी लावला. पण २०२३ हे वर्ष साधं नव्हतं. १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण होता, त्यामुळे पुढचे सगळे सण उशिरा आले. २०२२ मध्ये गणपती ३१ ऑगस्टला बसले, २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला. २०२२ चा दसरा ५ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला, म्हणजे त्या एकाच महिन्यात दसराही आणि दिवाळीही. २०२३ च्या ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा पितृपक्षात गेला, घटस्थापना १५ तारखेला, दसरा २४ ला, आणि लक्ष्मीपूजन थेट १२ नोव्हेंबरला. पितृपक्षात आमच्या दुकानात माश्या मारायची वेळ येते हे काकांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. त्यांना एवढंच म्हटलं, ‘काका, तुम्ही दिवाळीची तुलना पितरांशी केलीत.’ ते काही वेळ गप्प बसले. मग स्वतःच मागची बिलं काढून तिथीप्रमाणे लावायला बसले, आणि त्यांनी लावलेला तो तक्ता मला पुढे फार उपयोगी पडला.

तिथीप्रमाणे लावलं तरी अधिक महिन्याचं काय करायचं? धोंड्याच्या महिन्यात लग्नं नसतात, त्यामुळे बस्त्याची खरेदी बंद. पण लेक-जावई जेवायला बोलवायचे, जावयाला अनारसे आणि वाण, लेकीला साडी, हे चालू. म्हणजे दुकानात येणारी बाई तीच, पण घ्यायची साडी वेगळ्या किमतीची. २०२२ मध्ये याला जोडीच नाही. त्याआधीचा अधिक महिना २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधला, ऐन करोनातला. त्याच्याशी कुणी तुलना करू धजेल असं वाटत नाही. त्यामुळे ते चार आठवडे मी तिथीच्या तुलनेतून सरळ बाहेर ठेवले. आणि मागचे आकडे २०२२ च्या गुढीपाडव्यापासून घेतले, कारण महाराष्ट्रातले करोनाचे निर्बंध तेव्हा पूर्ण उठले. त्याआधीच्या काळात काउंटर बंद आणि ऑनलाइन चालू असे महिने आहेत.

एजन्सीच्या प्रेझेंटेशनमध्ये एक टी-टेस्टही होती, म्हणजे दोन सरासऱ्यांमधला फरक योगायोगाचा असू शकतो का हे तपासायचं गणित. जुलै ते डिसेंबरचे १८४ दिवस, आधीचे १८१ दिवस, रोजच्या विक्रीच्या दोन सरासऱ्या, पी-व्हॅल्यू ०.००३, आणि खाली ठळक अक्षरांत ‘९९.७ टक्के खात्री’. एजन्सीचा मुलगा हुशार होता, गणित त्याने प्रामाणिकपणे केलं होतं. पण टी-टेस्ट, जी विल्यम गॉसेटने १९०८ साली गिनेसच्या बिअरच्या कारखान्यात नोकरी करत ‘स्टुडंट’ या टोपणनावाने मांडली, ती धरून चालते की प्रत्येक मोजमाप दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे. दुकानाचे दिवस तसे नसतात. आज विक्री चांगली असेल तर उद्याही चांगली असण्याची शक्यता जास्त, कारण दोन्ही दिवस त्याच नवरात्रातले. लागोपाठच्या दिवसांमधला हा सहसंबंध ०.५ इतका असला, तर १८४ दिवसांतून मिळणारी माहिती जेमतेम ६१ स्वतंत्र दिवसांइतकी भरते. शेजाऱ्याला पुन्हा तेच विचारून मतं वाढत नाहीत. शिवाय पी-व्हॅल्यू ०.००३ म्हणजे ‘वेबसाइटमुळे वाढ झाल्याची ९९.७ टक्के खात्री’ नव्हेच. काहीच फरक नसता तर इतका मोठा फरक योगायोगाने किती वेळा दिसला असता, एवढंच ती सांगते. फरक कशामुळे, यावर ती मुकी आहे. दिवाळीमुळे पडलेला फरकही तिला तितकाच खरा वाटतो.

मी आठवड्याच्या बेरजा घेतल्या. तिथे दुसरा त्रास निघाला, न्यू जर्सीहून आलेली एक ऑर्डर. नवरीच्या करवल्यांसाठी एकाच वेळी पैठण्या, एक लाख चाळीस हजारांच्या, पैसे आगाऊ भरलेले. सहा महिन्यांची ऑनलाइन विक्री जिथे वीस-बावीस लाखांत फिरते, तिथे अशी एक ऑर्डर सगळं चित्र हलवते. ती बाजूला काढली की ३० चे २२ टक्के होतात. एजन्सी म्हणाली, ‘मॅडम, खरी ऑर्डर आहे, खरे पैसे आहेत, का काढता?’ मुद्दा बरोबर होता. विक्रीची रक्कम हे मोजायला फार वाईट माप आहे ते यासाठीच: नऊशेची खणाची साडी आणि साठ हजारांची पैठणी एकाच रांगेत उभ्या. सरासरी दोन-चार मोठ्या ऑर्डरींच्या हातात जाते. मी ऑर्डर टाकून दिली नाही. आठवड्याच्या रकमेचा लॉग (लॉगॅरिदम) घेऊन काम केलं, त्याने अशा उंच टोकांचा जोर आपसूक कमी होतो. आणि अनिश्चितता काढायला बूटस्ट्रॅप वापरला, ब्रॅडली एफ्रनचं १९७९ चं तंत्र: आपल्याच आकड्यांतून पुन्हा पुन्हा चिठ्ठ्या काढायच्या आणि दर वेळी उत्तर किती बदलतं ते बघायचं. चिठ्ठ्या एकेका आठवड्याच्या न काढता सलग आठवड्यांच्या तुकड्यांच्या काढल्या, नाहीतर वर सांगितलेला सहसंबंध पुन्हा हरवतो.

आता खरा प्रश्न. वेबसाइट बदलली नसती तर जुलैनंतर ऑनलाइन विक्री किती झाली असती? हे कुणीच पाहिलेलं नाही. त्याच्या जवळ जाणारं काहीतरी हवं होतं, आणि ते दुकानातच होतं: काउंटर. सण, लग्नसराई, अधिक महिना, पाऊस, सुताचे भाव, हे सगळं काउंटरवरही तसंच येऊन आदळतं. नव्या वेबसाइटचा मात्र गल्ल्याशी संबंध नाही. म्हणून दर आठवड्याचं ऑनलाइन आणि काउंटर यांचं गुणोत्तर घेतलं आणि बदलाच्या आधी व नंतर ते किती हललं ते पाहिलं. यामागचं गृहीतक असं, की वेबसाइट बदलली नसती तर दोन्ही विक्र्या हातात हात घालून चालल्या असत्या. आधीच्या सव्वा वर्षात त्या तशा चालल्या होत्या का, हे आलेख काढून पाहिलं. बऱ्यापैकी. लग्नसराईत काउंटर थोडा पुढे पळतो, कारण बस्ता बांधायला सगळं घर दुकानात येतं. शालू मोबाइलवर निवडत नाहीत.

या गणितात एक गळती होती, आणि ती वहिनीच्या फोनमध्ये होती. आमच्याकडच्या पुष्कळ बायका वेबसाइटवर साडी बघतात, स्क्रीनशॉट काढतात, वहिनीला व्हॉट्सअ‍ॅप करतात: ‘ताई, हिचा पदर जवळून दाखवा ना.’ वहिनी साडी उलगडून व्हिडिओ पाठवते, घासाघीस होते, यूपीआयने पैसे येतात. ही विक्री वेबसाइटच्या खात्यात नाही, काउंटरच्याही नाही. नव्या साइटवरचे फोटो मोठे आणि खरोखर चांगले होते. त्यामुळे स्क्रीनशॉट वाढले असतील तर त्याचं श्रेय साइटला जायला हवं. म्हणून हिशेब दोन्ही तऱ्हांनी केला.

व्हॉट्सअ‍ॅप सोडून वाढ ८ टक्के, आणि तिची ९५ टक्क्यांची मर्यादा (कॉन्फिडन्स इंटरव्हल), म्हणजे खरं उत्तर साधारण ज्या पट्ट्यात असावं तो पट्टा, उणे १४ ते अधिक ३६. व्हॉट्सअ‍ॅप धरून ११ टक्के, उणे १० ते अधिक ३७. ‘बदल झाला नसता तर’ याचा अंदाज काढणारं, गुगलच्या संशोधकांनी २०१४ मध्ये खुलं केलेलं कॉझल इम्पॅक्ट हे पॅकेजही चालवून पाहिलं, त्यात काउंटरचा आकडा आधार म्हणून दिला. उत्तर याच पट्ट्यात आलं. मग एक खोटी परीक्षा घेतली. वेबसाइट बदललीच नव्हती अशा आधीच्या काळात मनाने तारखा धरल्या, ‘समजा इथे बदलली’ म्हणून तेच गणित लावलं. ८ टक्के किंवा त्याहून जास्त ‘वाढ’ साधारण चारांतून एकदा दिसली, काहीही न करता. माझ्या मते सगळ्या कामातला हाच भाग दुकानदाराला सगळ्यात लवकर पटतो. दादाला कॉन्फिडन्स इंटरव्हल समजावताना माझी दमछाक झाली होती, पण खोट्या तारखांचा तक्ता पाहून तो लगेच म्हणाला, ‘म्हणजे एवढी वर-खाली आपली नेहमीचीच आहे.’

वर एक गोष्ट उरतेच. जुलैपासूनच इन्स्टाग्रामच्या जाहिरातींचा खर्च दुपटीहून जास्त केला गेला होता. नवी साइट आणि नवा खर्च एकाच आठवड्यात. जी काही वाढ असेल ती कुणाची, हे जगातलं कुठलंही गणित सांगू शकत नाही, कारण दोन्ही गोष्टी एकदाही वेगळ्या झालेल्या नाहीत. एजन्सीला मी विचारलं, दोन्ही साइट काही दिवस एकत्र का चालवल्या नाहीत, अर्ध्या लोकांना जुनी, अर्ध्यांना नवी? मग मीच हिशेब घातला. शंभरातली एक व्यक्ती खरेदी करते असं धरलं आणि त्यात दहा टक्क्यांची वाढ पकडायची, म्हणजे शंभरात एकाची १.१ झाली हे ओळखायचं, तर प्रत्येक बाजूला दीड लाखाहून जास्त लोक लागतात. दोन्ही मिळून तीन लाखांवर. दुकानाच्या साइटवर सहा महिन्यांत पन्नास हजारांच्या आसपास येतात. तीन वर्षांहून जास्त काळ दोन वेबसाइट चालवाव्या लागल्या असत्या. मोठ्या कंपन्यांचं बघून ‘ए-बी टेस्ट करा’ असा सल्ला लहान दुकानांना सर्रास दिला जातो. तो देणाऱ्याने हा भागाकार एकदा करून पाहावा.

एवढ्यावर दादाला ‘सांगता येत नाही’ असं उत्तर देऊन मोकळी झाले असते. पण वहिनीची वही चाळताना एक गोष्ट डोळ्यांत भरली होती: जुलैनंतरची पानं दाट झाली होती. कॅश ऑन डिलिव्हरीचं प्रमाण काढलं. आधी शंभर ऑर्डरींमागे ४०, नंतर ६२. फरक २२ चा, मर्यादा १६ ते २८. इथे शंकेला जागाच नाही. शिवाय हे हळूहळू चढलेलं नव्हतं. साइट बदलली त्याच आठवड्यात पायरी पडल्यासारखं वर गेलं आणि तिथेच राहिलं. जाहिरातींमुळे आलेले नवे, दुकानाची ओळख नसलेले ग्राहक रोखीने देणं पसंत करतात असंही असू शकलं असतं, म्हणून फक्त जुने, पूर्वी खरेदी केलेले ग्राहक घेऊन पाहिलं. त्यांच्यातही तीच उडी. अखेर मी माझ्या मोबाइलवरून एक खणाची साडी घ्यायला गेले. पैसे भरायच्या पानावर ‘डिलिव्हरीच्या वेळी पैसे द्या’ या पर्यायावर निवडल्याची खूण, टिकली, आधीच लावलेली होती. यूपीआय हवं तर बोटाने खाली सरकवून शोधावं लागत होतं. जुन्या साइटवर उलट होतं.

म्हणजे नव्या रचनेने काहीतरी नक्की केलं होतं. रोखीच्या ऑर्डरी वाढवल्या आणि परत येणारी पार्सलंही वाढवली. एजन्सीचे ३८ टक्के आणि माझे ३० टक्के यांच्यातलं अंतर बरंचसं या एका टिकलीचं होतं.

बैठक दुकानातच झाली, गादीवर. एजन्सीचा मुलगा आला होता. त्याने टिकलीचं कारण सांगितलं: पानावरून निघून जाणारे लोक कमी व्हावेत म्हणून. चूक म्हणावी असं त्यात काही नाही, पण हप्ता ठरवणारं माप जर ‘दिलेली ऑर्डर’ असेल तर सगळी रचना त्या दिशेला वाकणारच. दादाने हप्त्यातला अर्धा दिला. संख्याशास्त्र त्याला हा आकडा देऊ शकत नव्हतं. तो व्यापाराचा निर्णय होता आणि मला तो रास्त वाटला.

टिकलीचा प्रश्न मात्र प्रयोगाने सोडवता येण्यासारखा होता. आठवड्यांच्या जोड्या केल्या. दर जोडीच्या आधीच्या रविवारी रात्री काका नाणं उडवायचे: छापा पडला तर पहिल्या आठवड्यात यूपीआय वर आणि दुसऱ्यात रोख वर, काटा पडला तर उलट. नाणं काकांकडेच दिलं, कारण या कामी त्यांच्यावर कुणी शंका घेणार नाही. उन्हाळ्यापर्यंत चित्र स्वच्छ झालं. यूपीआय वर असलेल्या आठवड्यांत रोखीच्या ऑर्डरी पुन्हा पूर्वीच्या प्रमाणाजवळ आल्या, परत येणारी पार्सलं घटली. हातात पडणाऱ्या एकूण रकमेत फरक ओळखता आला नाही, पण कुरियरचं जाण्या-येण्याचं भाडं वाचलं, तेव्हा यूपीआय कायमचं वर गेलं.

एजन्सीशी नवा करार दोन वर्षांचा झाला. त्यात मोजायची रक्कम लिहिली आहे: परत आलेलं आणि जीएसटी वजा जाता खात्यात जमा झालेली. तुलना काउंटरच्या गुणोत्तराशी. जाहिरातींचा खर्च आणि साइटमधले बदल एकाच पंधरवड्यात करायचे नाहीत. आणि १७ मे ते १५ जून २०२६ हा काळ हिशेबातून वगळायचा. या शेवटच्या कलमासमोर एजन्सीच्या वकिलाने प्रश्नचिन्ह काढून मसुदा परत पाठवला. काकांनी स्वतः त्यांना फोन लावून अधिक ज्येष्ठ, धोंड्याचं वाण आणि लेकीची साडी समजावून सांगितली. फोन बराच वेळ चालला. मसुदा दुसऱ्या दिवशी सहीनिशी आला.